नियम उर्दूचा, प्रत्यय मराठीचा

बोईसर स्टेशनच्या पुलावर मागच्या पावसाळ्यात कुणीतरी मागून हाक मारली, "मॅडम, सलाम." वळून पाहिले तर एक तिशीतला तरुण, गळ्यात कारखान्याचे ओळखपत्र. चेहरा ओळखीचा वाटला, नाव आठवेना. त्याने स्वतःच सांगितले आणि मग सगळेच आठवले. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी त्याला मराठी शिकवली होती. दहावीला तो मराठीत नापास झाला होता आणि त्यापायी त्याचे डिप्लोमाचे एक वर्ष गेले होते. मी विषय बदलायला विचारले, सध्या काय करतोस? तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये होता, मालाच्या नोंदी ठेवणारी संगणकप्रणाली सांभाळत होता. पालघरची गाडी यायला वेळ होता. त्याने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले.

त्या वहीत मुलांच्या चुका होत्या. आमच्या मुलांच्या मराठीतल्या चुका लिहून ठेवायची सवय मला फार जुनी आहे. "दवाखानेत गेलो." "शाळात उशीर झाला." "त्याने म्हणाला." "दुकान बंद होती." प्रत्येक ओळीपुढे शुद्ध रूप आणि लाल शाईत नियम. आधी वही, मग शाळेतल्या संगणकावर एक्सेल. एक्सेलमध्ये चाळीस शब्द झाले होते आणि प्रत्येक शब्दासमोर मी पूर्ण नियम टंकला होता: आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप याकारान्त होते. एका ठिकाणी नियम चुकीचा लिहिला गेला, तो खाली ओढताना सगळीकडे गेला, आणि मग चाळीस जागी दुरुस्ती.

त्याने वही चाळली आणि विचारले, "मॅडम, शाळेत जनरल रजिस्टर असतं ना?"

असते. शाळेत नोकरी केलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. मुलाची जन्मतारीख, जन्मस्थळ, आईचे नाव हे एकदाच, जनरल रजिस्टरमध्ये. हजेरीपटावर, निकालपत्रकावर, शिष्यवृत्तीच्या यादीवर फक्त नोंदवही क्रमांक. जन्मतारीख चुकली तर एकाच ठिकाणी खाडाखोड होते, तीही मुख्याध्यापकांच्या सहीने.

"तुम्ही प्रत्येक हजेरीपटावर जन्मतारीख लिहिताय," तो म्हणाला.

माहितीकोशाची सगळी विद्या मला या एका वाक्यात कळली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण पाया कळला. आयबीएममध्ये काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० साली हेच मांडले होते: माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, एक गोष्ट एकाच जागी लिहा, आणि तक्ते एकमेकांशी समान रकान्याने जोडा. आज बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत जे चालते ते बरेचसे याच विचारावर.

पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेले. बोईसरहून चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहतो. त्याच्या अम्मीने चहा-खारी आणून ठेवली आणि आम्ही त्याच्या लॅपटॉपवर तीन तक्ते काढले. पहिला शब्दांचा: शब्द, लिंग, वर्ग. दुसरा वर्गांचा: वर्ग क्रमांक, काय काढायचे, काय जोडायचे. तिसरा प्रत्ययांचा: ला, ने, त, चा, हून, वगैरे. घोडा, दरोडा, दवाखाना हे एका वर्गात. या वर्गाची ओळ एवढीच: काना काढा, "्या" जोडा. शाळा, भाषा, सभा दुसऱ्या वर्गात: काना काढा, मात्रा जोडा. संगणकाच्या आत काना हे स्वतंत्र चिन्ह म्हणूनच साठवलेले असते, त्यामुळे "घोडा"तला काना उचलून तिथे अर्धा-य लावणे त्याला अजिबात जड जात नाही. पैसा, ससा, मदरसा हा तिसरा वर्ग: "सा" काढा, "शा" जोडा. पैशाला, सशाला, मदरशात. महामंडळाच्या अठरा नियमांतला एक अख्खा नियम या एका ओळीत मावला.

सगळेच इतके सरळ नव्हते. जमीन–जमिनीला, विहीर–विहिरीला, बहीण–बहिणीला यांत शेवटी ईकार येतो, पण त्याआधीचे दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते. वीट–विटेला यात ऱ्हस्व होते पण शेवटी एकार येतो. आणि आपला अरबीतून आलेला "तारीख" त्याहून वेगळा, त्यातला ईकार ऱ्हस्व होत नाही, पार नाहीसाच होतो: तारखेला. प्रत्येकासाठी वेगळा वर्ग करत बसलो असतो तर वर्ग शब्दांइतकेच झाले असते. म्हणून वर्गांच्या तक्त्यात आणखी एक रकाना घातला, "उपान्त्य अक्षर", आणि त्यात तीनच शक्यता: तसेच, ऱ्हस्व, लोप. त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवले की मी वर्गात जे "अपवाद" म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत आले, त्यातले निम्मे अपवाद नव्हतेच. रकाना कमी पडत होता, एवढेच.

हा उद्योग आमच्या आधी मोठ्या लोकांनी केलेला आहे, हे सांगितले पाहिजे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ चे. त्या पुस्तकांतही नामांची वर्गवारी आहेच. आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने २०१० मध्ये मराठी शब्दांचे पृथक्करण करणारी संगणकप्रणाली मांडली, तिचाही पाया रूपे सारखी चालणाऱ्या शब्दांचे गट हाच आहे. त्यांचे यंत्र आमच्या लॅपटॉपवरच्या खेळापेक्षा कितीतरी पुढचे. पण आमच्या खेळाची एक सोय मला फार आवडली. नियम प्रोग्रामच्या पोटात नव्हते, तक्त्यात होते. मला प्रोग्रामिंगचे अक्षर येत नाही, तरी नवा नियम सुचला की मी एक ओळ भरू शकत होते. चुकला तर ओळ पुसू शकत होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याची परवानगी लागत नव्हती.

आता मूळ गोष्ट.

तक्ते भरून झाल्यावर आम्ही माझ्या वहीतली वाक्ये संगणकाला देऊन पाहिली. "दवाखान्यात" दिले. त्याने "त" हा प्रत्यय ओळखून बाजूला केला, उरले "दवाखान्या". त्यावर वर्गाची ओळ उलटी चालवली: "्या" काढा, काना लावा, "दवाखाना". शब्दांच्या तक्त्यात तो आहे, आणि त्याच वर्गात आहे. बरोबर. मग "दवाखानेत" दिले. उत्तर: शून्य ओळी.

"हेच तुम्ही माझ्या पेपरवर लिहिलं होतं," तो म्हणाला. "शून्य. आणि खाली लाल पेनने, निष्काळजीपणा."

मला ते आठवत नव्हते. त्याला आठवत होते. हसतच म्हणाला, पण त्याची अम्मी दारात उभी होती, ती हसली नाही.

मी गप्प बसले. मग काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाले की उर्दूत तुम्ही "दवाख़ाने में" म्हणता ना, त्याने गोंधळ होतो. हे मी वर्गातही शंभर वेळा म्हटले असेन. त्याने मान वर केली. "म्हणजे उर्दूतही वर्ग आहेत?"

आहेत ना. घोड़ा, घोड़े को. दवाख़ाना, दवाख़ाने में. मदरसा, मदरसे से. अलिफ किंवा हे वर संपणारे पुल्लिंगी नाम, पुढे को, में, से आले की "ए" होते. मौलवी अब्दुल हक यांच्या कवायद-ए-उर्दू मधला हा नियम मी उर्दूच्या तासाला शिकवते, तोही त्याच फळ्यावर, त्याच मुलांना, मराठीच्या तासानंतर लगेच.

त्याने वर्गांच्या तक्त्यात एक रकाना वाढवला: भाषा. आधीच्या सगळ्या ओळींपुढे "मराठी" भरले आणि खाली एक नवी ओळ घातली: काना काढा, मात्रा जोडा, भाषा उर्दू, लिंग पुल्लिंग. मग पुन्हा "दवाखानेत" दिले. या वेळी शून्य ओळी आल्या नाहीत. एक ओळ आली. शब्द: दवाखाना. नियमाची भाषा: उर्दू. प्रत्ययाची भाषा: मराठी.

ती ओळ मी बराच वेळ पाहत बसले. पोराने नियम मोडला नव्हता. नियम पाळला होता, अगदी काटेकोर पाळला होता, फक्त तो माझ्या दुसऱ्या तासाचा होता. बी.एड.च्या नोट्समध्ये एक नाव होते, पिट कॉर्डर. १९६७ साली त्याने लिहिले की शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या डोक्यात तयार होत असलेल्या व्याकरणाचा पुरावा असतो. मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. नंतर शाळेत लागले आणि लाल पेन विकत घेतले.

त्या दिवसानंतर वहीतल्या चुका मी पुन्हा वेगळ्या नजरेने लावल्या. "दुकान बंद होती": मराठीत दुकान नपुंसकलिंगी, उर्दूत स्त्रीलिंगी. उर्दूला तिसरे लिंगच नाही, त्यामुळे घर, पाणी, नाव, दुकान यांना कुठेतरी बसवावे लागते आणि मूल त्यांना घरच्या लिंगात बसवते. शब्दांच्या तक्त्यात लिंगाचा रकानाही भाषेप्रमाणे दोनदा आला. "शाळात" मात्र वेगळी निघाली. उर्दूत आकारान्त स्त्रीलिंगी नाम एकवचनात बदलत नाही: हवा में, दुआ से. तोच "न बदलणे" हा नियम शाळेला लागला होता. म्हणजे "दवाखानेत" आणि "शाळात" या दोन चुका, ज्यांना मी एकच शेरा देत आले, त्या उर्दूच्या दोन वेगळ्या ओळींतून आल्या होत्या. एकाच मुलाने दोन्ही केल्या असतील तर तो बेशिस्त नव्हे, चांगलाच शिस्तीचा.

शब्दांवरून आम्ही वाक्यांवर आलो, आणि इथे त्याच्या कारखान्याचा अनुभव कामी आला. मी कागदावर लिहिले: वाक्य म्हणजे कर्तापद अधिक विधेय. विधेय म्हणजे कर्मपद अधिक क्रियापद. तो पाहतच राहिला. "मॅडम, हे तर आमचं बीओएम आहे." कारखान्यात पक्का माल कशापासून बनतो याची यादी असते. एका ओळीत वरचा माल आणि खालचा माल. खालच्या मालाची स्वतःची ओळ असते, त्याच्या खालच्याची आणखी वेगळी, थेट कच्च्या मालापर्यंत. सगळे एकाच तक्त्यात. व्याकरणाचा नियमही तसाच, तीन रकान्यांचा: पूर्ण, डावा भाग, उजवा भाग. नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये दाखवले होते की अशा जातीच्या व्याकरणातला कितीही लांब नियम दोन-दोन भागांच्या नियमांत फोडता येतो, म्हणून तीन रकाने पुरतात.

पृथक्करणासाठी आणखी एक तक्ता: कुठून, कुठपर्यंत, काय. "सलमाने चिंच खाल्ली." शून्यापासून एकपर्यंत कर्तापद, एकपासून दोनपर्यंत कर्मपद, दोनपासून तीनपर्यंत क्रियापद. आता संगणकाला एवढेच सांगायचे: या तक्त्यातल्या अशा दोन ओळी शोध, जिथे पहिली संपते तिथे दुसरी सुरू होते आणि ती जोडी नियमांच्या तक्त्यात आहे. सापडली तर जोडून नवी ओळ लिही. पहिल्या फेरीत एकपासून तीनपर्यंत विधेय तयार झाले. दुसऱ्या फेरीत शून्यापासून तीनपर्यंत वाक्य. तिसऱ्या फेरीत नवे काही निघाले नाही, थांबला. कॉक, यंगर आणि कासामी या तिघांनी साठच्या दशकात वेगवेगळे शोधलेली ही पद्धत, आणि ती तक्ते जोडण्याच्या साध्या आज्ञेने चालते. आज्ञा स्वतःलाच पुन्हा बोलावते. माहितीकोशाच्या भाषेच्या प्रमाणकात ही सोय १९९९ साली आली, कारखान्यांच्या मालाच्या याद्या तिचा नेहमीचा उपयोग.

मी खूश होऊन "चिंच सलमाने खाल्ली" दिले. नापास.

मराठीत हे वाक्य कोण चुकीचे म्हणेल? तीन पदे सहा प्रकारे मांडता येतात आणि बोलताना आपण मांडतोही. प्रत्येकासाठी ओळी घालत गेलो तर तक्ता फुगत जातो. इंग्रजी व्याकरणासाठी शिवलेला अंगरखा मराठीला घालण्याचा हा परिणाम. कानपूरच्या आयआयटीत विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांना हिंदीसाठी नेमका हाच प्रश्न पडला होता. त्यांचे १९९५ चे पुस्तक पाणिनीच्या कारकविचारावर उभे आहे. त्यात पदांचा क्रम दुय्यम. प्रत्येक क्रियापदाला एक कारक तक्ता: कर्ता, कर्म, करण, कोणते आवश्यक, कोणते ऐच्छिक, आणि कोणत्या कारकाला कोणती विभक्ती. क्रियापदाचे रूप बदलले की तक्ता ठरावीक रीतीने बदलतो, उदाहरणार्थ भूतकाळात कर्त्याला "ने" लागतो. तिथेही शेवटी तक्ताच. आम्ही आमचा तीन रकान्यांचा तक्ता बाजूला ठेवला आणि क्रियापदांचा उघडला.

आणि इथे "त्याने म्हणाला" सापडले. उर्दूत "उसने कहा", त्यावरून आमची मुले "त्याने म्हणाला" लिहितात. "उसने सबक़ सीखा" वरून "त्याने धडा शिकला". मी क्रियापदांच्या तक्त्यात रकाना केला: भूतकाळी ने, होय किंवा नाही. खाणे, वाचणे, लिहिणे: होय. येणे, जाणे: नाही. शिकणे, विसरणे: कर्म असूनही नाही. म्हणणे: नाही. भरून झाल्यावर तो म्हणाला, "मग 'त्याने म्हटले' चुकीचं?"

बरोबर आहे. तो म्हणाला, त्याने म्हटले, दोन्ही बरोबर. तो पाणी प्याला, त्याने पाणी प्यायले, दोन्ही बरोबर. म्हणजे होय-नाही हा गुण क्रियापदाचा नव्हता, त्याच्या रूपाचा होता. रकाना चुकीच्या तक्त्यात बसवला होता. तो उचलून रूपांच्या तक्त्यात नेला तेव्हा सगळे जागेवर आले. वीस वर्षे मी शिकवत होते की "म्हणणे" हे विचित्र क्रियापद आहे.

बोईसरमध्ये हा भाषेचा रकाना दोन भाषांवर थांबत नाही. एमआयडीसीमुळे पूर्वांचल आणि बिहारची कुटुंबे वर्षानुवर्षे इथे आहेत. माझ्या वर्गातली एक मुलगी "सलमा चिंच खाल्ली" असे लिहीत असे. मी समजत होते की ती "ने" विसरते. तिच्या घरी भोजपुरी बोलतात आणि भोजपुरीत हा "ने" नाहीच. तक्त्यात ओळ घातली: भाषा भोजपुरी, भूतकाळी ने, सगळ्या रूपांना नाही. तिला मी ही ओळ दाखवली. "बघ, तुझ्या घरी हा रकाना रिकामा आहे, इथे भरायचा." तिने पुढच्या निबंधात सगळीकडे "ने" लावला, "मीने" सुद्धा. मी, तू यांना मराठीत तो लागत नाही. सर्वनामांची ओळ मी तिला दाखवली नव्हती.

चिंचणीच्या वाटेवर ये-जा करताना मला तिथे सापडलेल्या ताम्रपटांची आठवण येते. राष्ट्रकूटांच्या काळात, दहाव्या शतकात, संजाणच्या प्रदेशावर त्यांनी नेमलेला अधिकारी ताजिक म्हणजे अरब होता. शके ८४८ च्या, म्हणजे इसवी सन ९२६ च्या ताम्रपटात त्याचे नाव "मधुमती" असे येते. अभ्यासक सांगतात की हे मुहम्मद. लिहिणाऱ्याने ते नाव आपल्या संस्कृतच्या साच्यात बसवून घेतले. आमच्या पोरांनी "दवाखाना" आपल्या साच्यात बसवला तर तेही याच किनाऱ्यावर.

आता आमच्या शाळेत या तक्त्यांचा मी छोटासा वापर करते. पेपर तपासताना चुकीपुढे लाल गोल करत नाही. "उ" किंवा "भो" लिहिते, म्हणजे नियम कुठून आला ते. मार्क मात्र कापावे लागतात, बोर्डाच्या परीक्षेत भाषेचा रकाना नाही. काही सहकारी म्हणतात की याने मुले लाडावतील. मला वाटते की "उ" पाहिल्यावर मूल निदान हे तरी विचारते की मग मराठीत काय. "निष्काळजीपणा" वाचून त्याने कधी काही विचारले नव्हते.

माजी विद्यार्थी अजून अधूनमधून फोन करतो. गेल्या महिन्यात त्याने रात्री दहाला फोन केला. "मॅडम, अब्बा हरवले." माझ्या काळजाचा ठोका चुकला. मग कळले, तक्त्यातले. काका, मामा, राजा, अब्बा हे शब्द मराठीत बदलत नाहीत: काकाला, राजाने. उर्दूतही बदलत नाहीत: राजा को, अब्बा से. घोडा बदलतो, दरोडा बदलतो, वडीलधारे दोन्ही भाषांत जसेच्या तसे. हा एकच वर्ग आहे जिथे आम्ही भाषेच्या रकान्यात दोन्ही लिहिले. काढायचे काही नाही, जोडायचे काही नाही, म्हणून मी दोन्ही खाने मोकळे सोडले होते. पण माहितीकोशात मोकळा खाना म्हणजे "काही नाही" नव्हे, "माहीत नाही". आणि माहीत नसलेल्यात काहीही मिसळले तरी उत्तर माहीत नाही असेच येते. त्यामुळे "अब्बाला" विचारले की संगणक गप्प बसायचा.

"काही नाही असं स्पष्ट लिहावं लागतं, मॅडम," तो म्हणाला. मी फोन खांद्याला लावून लॅपटॉप उघडला आणि तो सांगेल तसे दोन्ही खाने भरले.